पादुकांवर छत्र, पावलांवर फावडे

#थ्रेड : प्राचीन माणसांच्या आणि जनावरांच्या पाऊलठशांविषयी, विशेषतः विदर्भाच्या संदर्भात.

१/
वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) सारख्या वस्तीत सिमेंटचा नवा रस्ता ओतला जातो आणि तो पुरता घट्ट होण्यापूर्वीच एखादे कुत्रे त्यावरून निघून जाते. कुत्रे काही वर्षांत मरते. ठसे मात्र रस्ता फोडला जाईपर्यंत राहतात. ते कुत्रे कोणत्या दिशेने गेले, चालत होते की धावत होते, हे त्या ठशांवरून शाळकरी पोरही सांगते. महाराष्ट्रातील इतिहासाभ्यासाने पुराव्याच्या नेमक्या या प्रकाराकडे पाठ फिरवली आहे, हा या थ्रेडचा आरोप आहे.

२/
आरोप किरकोळ वाटेल. म्हणून आधी एक वीट. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले. तेथे सापडलेल्या हडप्पाकालीन विटेवर मांजराच्या पावलाचा ठसा आहे आणि त्याच्यावर किंचित चढलेला कुत्र्याचा. वीट ओली असताना मांजर पळाले आणि कुत्रे मागे लागले, असा अर्थ मॅके यांनी लावला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे काही क्षण एका विटेत उरले आहेत. कोणत्याही मुद्रेत किंवा मण्यात असा क्षण सापडत नाही.

३/
मडके सांगते की माणसे येथे राहत होती. सांगाडा सांगतो की माणूस येथे पुरला गेला. पाऊलठसा सांगतो की माणूस जिवंत असताना येथून गेला : किती वेगाने, कोणाबरोबर, काय उचलून. नाणे हातोहाती शंभर कोस जाते, हाड पुराच्या पाण्याने वाहून येते. ठसा मात्र जेथे उमटला तेथेच राहतो. स्थळाबद्दल इतकी खात्री देणारे पुरावे फार थोडे आहेत.

४/
आता विदर्भाकडे. या भूमीला पावलांचे महत्त्व कळत नव्हते, असे कोणी म्हणू नये. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या ‘पादमूला’पासून दिलेला आहे. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरीही रघुपतीच्या पावलांनी अंकित झालेला आहे. रामगिरी म्हणजे आजचे रामटेक, हे मत सर्वपरिचित आहे. पाचव्या शतकातील विदर्भात देवाच्या पावलांना एवढी प्रतिष्ठा होती की राजाज्ञेत त्यांचा उल्लेख व्हावा.

५/
पुढे महानुभाव पंथाने या जाणिवेला शिस्त दिली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी थांबले, बसले, निजले, ती स्थाने शिष्यपरंपरेने लक्षात ठेवली, तेथे ओटे बांधले, आणि ‘स्थानपोथी’त त्यांची नोंद केली. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला, कोणत्या खांबापाशी. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ चाळला तरी दिसते की जुन्या मराठीत स्थळाचे टिपण किती काटेकोर होऊ शकत होते.

६/
सांचीच्या किंवा आंध्रातील अमरावतीच्या शिल्पांतील बुद्धपदे, गावोगावच्या दत्तपादुका, महानुभावांची चरणांकित स्थाने : हा सगळा अस्सल ऐतिहासिक पुरावा आहे. परंतु तो श्रद्धेचा पुरावा आहे. कोरलेले पाऊल ते कोरून घेणाऱ्याविषयी सांगते, चालणाऱ्याविषयी नाही. आणि ज्यांचे नाव कोणी घेतले नाही, त्या गुराख्याची, पाणी भरणाऱ्या बाईची, विटा थापणाऱ्या पोराची पावले कोणी कोरली नाहीत. ती फक्त चिखलात उमटली.

७/
चिखलातली पावले टिकतात कशी? माती नेमकी ओलसर हवी; फार पातळ असेल तर ठसा मिटतो, फार कोरडी असेल तर उमटतच नाही. मग तो उन्हात कडक व्हावा लागतो आणि जोराचा पाऊस येण्यापूर्वी गाळाने, राखेने किंवा वाळूने हलकेच झाकला जावा लागतो. वर्धा जिल्ह्यातील काळ्या रानात हे अवघड आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात आणि वरचे खाली जाते. म्हणून ठसे शोधायचे ते नदीकाठच्या गाळात, घराच्या सारवलेल्या जमिनीत, गोठ्यात आणि विटेत.

८/
टांझानियातील लाएतोली येथे ज्वालामुखीची राख पडली, पाऊस झाला, राख सिमेंटासारखी घट्ट झाली. तिच्यावरून गेलेल्या दोन पायांच्या जिवांची सुमारे २७ मीटर लांबीची रांग १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या पथकाला सापडली. वय सुमारे ३६ लाख वर्षे. मानवाचे पूर्वज मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी ताठ चालू लागले होते, हे या पावलांनी ज्या थेटपणे दाखवले, तसे तोवर हाडांच्या तुकड्यांना दाखवता आले नव्हते.

९/
अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधील व्हाइट सँड्स येथे कोरड्या सरोवराच्या तळाशी मानवी ठशांची एक रांग दीड किलोमीटरहून लांब आहे. जाताना मोठ्या पावलांशेजारी मध्येच लहान मुलाची पावले दिसतात : कडेवरचे मूल थोडा वेळ खाली उतरवले होते. परतीच्या वाटेवर मुलाची पावले नाहीत. दरम्यान एक मॅमथ आणि एक महाकाय स्लॉथ ती वाट ओलांडून गेले. याच परिसरातील इतर ठशांचे वय २०२१ मध्ये २१ ते २३ हजार वर्षे जाहीर झाले. त्यावर वाद झाला, आणि २०२३ मध्ये परागकण व वाळूचे कण तपासून तेच वय पुन्हा मिळाले. अमेरिकेत माणूस केव्हा पोहोचला, हा प्रश्नच त्यामुळे नव्याने मांडावा लागला.

१०/
‘हे परदेशात, येथे काय?’ तर येथे उटनूर आहे. दख्खनच्या दक्षिण भागात राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. ते ज्वालामुखीचे, धातू वितळवण्याचे की आणखी कशाचे, यावर दीर्घकाळ वाद चालला. आजच्या तेलंगणातील उटनूर येथे १९५७ मध्ये एफ. आर. ऑलचिन यांनी खणले, तेव्हा लाकडी कुंपणाच्या खांबांचे खळगे मिळाले आणि आतल्या थरात गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. ढिगारे म्हणजे नवाश्मयुगीन गोठे आणि त्यांतील जाळलेले शेण, हे मत त्यामुळे पक्के झाले. वादाचा निकाल सोन्याच्या दागिन्याने दिला नाही, खुरांनी दिला.

११/
आणि कालीबंगन आहे. राजस्थानातील या स्थळी प्राक्-हडप्पा काळातील नांगरलेले शेत सापडले; एका दिशेच्या सऱ्या जवळजवळ, दुसऱ्या दिशेच्या दूरदूर. तो पाऊलठसा नव्हे, पण जातकुळी तीच : ओल्या मातीवर राहिलेली कामाची खूण. उत्खनकांनी ती टिपली आणि शेत पुन्हा मातीने झाकले. म्हणजे खूण ओळखणे आणि जपणे भारतीय पुरातत्त्वाला जमते. प्रश्न सवयीचा आहे.

१२/
सवय कशी आहे, ते बोरगावाहून वर्धा-नागपूर रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर कळते. धाम नदीकाठचे पवनार हे वाकाटकांचे प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन. मनसरच्या उत्खननानंतर त्यावर मतभेद झाले. विनोबांच्या आश्रमात शेतीसाठी खणताना प्राचीन शिल्पे निघाली, त्यांत राम-भरत भेटीचे शिल्प आहे. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे येथे उत्खनन केले. पवनारविषयी चर्चा निघाली की ती राजधानीची, शिल्पांची आणि नाण्यांची होते. तेथील विटांवर कोणाची पावले आहेत, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

१३/
विदर्भात जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती यांनी तिची माती पांढुरकी झालेली असते. ही माती घरासाठी आणि शेतासाठी बैलगाडीने नेली जात होती. आता ट्रॅक्टरने आणि जेसीबीने नेली जाते. मूर्ती निघाली तर काम थांबते, गर्दी जमते, नारळ फुटतो. सारवलेल्या जमिनीचा थर निघाला तर काहीच थांबत नाही, कारण तो थर कोणाला दिसतच नाही. नदीच्या काठावर रेतीसाठी पोकलेन चालतात तेथेही हेच.

१४/
आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार : ‘पावलांवर विश्वास ठेवता येत नाही. वाघांच्या गणनेत काय झाले?’ प्रश्न रास्त आहे, आणि वर्धा जिल्ह्याला तो टाळता येत नाही. २०१४ मध्ये जाहीर झालेला बोर व्याघ्र प्रकल्प याच जिल्ह्यात आहे. १९६० च्या दशकात सरोजराज चौधरी यांनी पगमार्कांवरून वाघ मोजण्याची पद्धत आणली. १९७२ च्या देशव्यापी गणनेत तिच्या आधारे १,८२७ ही संख्या आली. काचेवर ठसा रेखायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि ‘हा अमुक वाघ’ असे ठरवायचे.

१५/
पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा आणि चिखलात वेगळा येतो, आणि एकच ठसा दोन माणसे दोन प्रकारे ओळखतात. २००४-०५ मध्ये सरिस्कातील वाघ संपल्याचे उघड झाले; कागदावर ते होतेच. २००६ पासून कॅमेरा ट्रॅपची पद्धत आली. म्हणजे अपयश आले ते ठशावरून प्रत्येक प्राण्याची ओळख पटवण्याच्या दाव्याला. ‘येथून वाघ गेला’ हे ठसा आजही निर्विवाद सांगतो. पुराव्याला झेपेल तेवढेच त्याच्याकडून वदवावे, हा धडा घ्यायचा. पुरावाच फेकून द्यायचा नाही. कीर्द खोटी लिहिली गेली म्हणून कोणी दफ्तरखाना जाळत नाही.

१६/
दुसरा आक्षेप : ‘ठसे पुसले जाणारच, जपणार कसे?’ इंग्लंडच्या हॅपिसबर्ग किनाऱ्यावर मे २०१३ मध्ये लाटांनी वाळू वाहून नेली आणि खालच्या गाळात सुमारे पन्नास खळगे दिसले. साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीची मानवी पावले, मोठ्यांची आणि मुलांची. समुद्राने ती दोन आठवड्यांच्या आत नष्ट केली. पण तेवढ्या अवधीत अनेक कोनांतून छायाचित्रे घेऊन त्यांचे त्रिमितीय रूप तयार झाले होते. ठसे गेले, अभ्यास राहिला. आज तसे मूळ छायाचित्रण बोरगावच्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या मोबाइलने होऊ शकते.

१७/
उलट, नुसते झाकणेही पुरेसे नाही, हे लाएतोलीने शिकवले. १९७९ मध्ये ठसे मातीने झाकले. पण त्या मातीत बाभळीच्या जातीच्या झाडांचे बी होते. झाडे वाढली, मुळे ठशांपर्यंत पोहोचू लागली. १९९० च्या दशकात टांझानिया सरकार आणि गेटी संस्थेने जागा पुन्हा उघडली, मुळे काढली आणि मुळांना अटकाव करणारे कापड व गाळलेली वाळू घालून ती पुन्हा झाकली. जतन म्हणजे एकदा उद्घाटन करून विसरण्याची गोष्ट नव्हे.

१८/
तिसरा आक्षेप उघडपणे घेतला जात नाही, पण नुकसान तोच अधिक करतो. समाजमाध्यमांवर दर महिन्याला एखादे ‘महाकाय पाऊल’ फिरते : खडकातला हातभर लांबीचा खळगा, शेजारी ‘कार्बन डेटिंगने सिद्ध’. कार्बन डेटिंग एके काळी सजीव असलेल्या पदार्थाचे होते, तेही सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच. दगडाचे होत नाही. आणि वर्ध्याचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला लाव्हा. तेव्हा माणूस नव्हता, आणि असता तरी उकळत्या लाव्ह्यावर चालला नसता. या खडकातले मानवी पाऊल एकतर कोरलेले असते किंवा झिजेने झालेला खळगा.

१९/
खरा ठसा ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. पायाच्या दाबाने चिखल बाजूला सरकतो, म्हणून कडेला उंचवटा असतो. टाच आणि पुढचा चवडा अधिक खोल असतात. एकच पाऊल नसते. डावे-उजवे, डावे-उजवे अशी रांग असते. कोरलेल्या पादुका बहुधा शेजारी-शेजारी, सारख्या खोलीच्या आणि सरळ बोटांच्या असतात. पादुकांना पादुका म्हणावे. त्यांना जीवाश्म म्हणण्याने श्रद्धेचा मान वाढत नाही आणि शास्त्राची मात्र थट्टा होते.

२०/
मग हे ठसे वाचणार कोण? फ्रान्समधील गुहांत हिमयुगीन माणसांची पावले आहेत. त्यांपैकी एका गुहेतील फक्त टाचांचे ठसे विधिनृत्याचे मानले जात होते. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी नामिबियातील तीन सान माग्यांना तेथे नेले. त्यांच्या वाचनाप्रमाणे ती एका प्रौढाची आणि एका किशोराची पावले होती, आणि दोघे चिखलमाती काढून वाहून नेत होते. हे वाचन अंतिम मानण्याचे कारण नाही. पण विद्यापीठाच्या शंभर वर्षांच्या अंदाजाला हयातभर माग काढणाऱ्यांनी प्रश्न विचारला, हे महत्त्वाचे.

२१/
महाराष्ट्रातही हे ज्ञान होते. एल्फिन्स्टनने पेशवाईच्या मुलखाविषयी १८१९ मध्ये दिलेल्या अहवालात गावच्या राखणदाराच्या माग काढण्याच्या कामाची दखल घेतली आहे. चोराचा माग शिवेपर्यंत नेऊन पोहोचवला की पुढचा तपास शेजारच्या गावाच्या राखणदारावर येई. फासेपारध्यांचे तर जगणेच पावलांच्या वाचनावर उभे होते. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेने अशा समाजांवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायद्यातून गेला, लोकांच्या नजरेतून गेला नाही. नामिबियाच्या माग्यांची नावे संशोधनात सन्मानाने येतात. वर्धा जिल्ह्यातल्या पारधी किंवा कोलाम जाणत्याला उत्खननाच्या खड्ड्यापाशी कोणी बोलावले आहे काय?

२२/
‘असल्या क्षुल्लक खुणांतून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्यांसाठी शेजारचा चंद्रपूर जिल्हा. पिसदुरा येथे डायनासोरांची हाडे आणि त्यांची अश्मीभूत विष्ठा सापडते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तेथील जीवाश्म जमवले. हेच हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले आणि डायनासोरांच्या काळी गवत होते, हे जगाला मान्य करावे लागले. विष्ठा सांभाळून ठेवली होती, म्हणून हे कळले. पावलांनी काय पाप केले आहे?

२३/
कायद्याची सबब पुरत नाही. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यातील ‘पुरातत्त्वीय स्थळ आणि अवशेष’ ही व्याख्या शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांच्या जागेला लागू होऊ शकते. मातीतला ठसा तिच्याबाहेर आहे असे कोठेही म्हटलेले नाही. भूवारशासाठीच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कायदा येईल तेव्हा येईल. खड्ड्यातली जमीन खरवडण्यापूर्वी तिरप्या उजेडात एकदा पाहावी, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

२४/
म्हणून मागण्या चारच. प्रत्येक उत्खननात घरांच्या जमिनी आणि अंगणांचे थर ठशांसाठी तपासले जावेत, आणि काही न मिळाल्यास तसे अहवालात लिहिले जावे. संग्रहालयांच्या कोठारांतील विटा उलटून-पालटून पाहिल्या जाव्यात. ठसा असलेली वीट ‘खराब’ म्हणून टाकली जाऊ नये. माग काढणाऱ्या समाजांतील जाणत्यांना मजूर म्हणून न बोलावता तज्ज्ञ म्हणून, मानधनासह आणि नावासह बोलावले जावे. आणि रेती किंवा पांढरीची माती उचलण्याच्या परवानगीपूर्वी जागा पुरातत्त्वाच्या जाणकाराने पाहावी.

२५/
तरुण वाचकांसाठी : शेतात, नदीकाठी, जुन्या भिंतीच्या विटेत असा ठसा दिसल्यास त्याला हात लावू नये, पाणी टाकू नये, हौसेने प्लास्टर ओतू नये. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून सर्व बाजूंनी एकमेकांवर चढणारी भरपूर छायाचित्रे घ्यावीत. जागा नोंदवावी, पण समाजमाध्यमांवर नेमका पत्ता टाकू नये. राज्य पुरातत्त्व संचालनालयाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला कळवावे. तोवर ठसा कोरड्या, स्वच्छ वाळूने हलकेच झाकावा.

२६/
स्थानपोथी सांगणाऱ्यांनी एका पुरुषाच्या पावलांसाठी गावोगावचे देऊळ आणि खांब लक्षात ठेवले. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, अनुदान नव्हते, विद्यापीठ नव्हते. तीच काटेकोर नजर आता निनावी पावलांकडे वळवायची आहे. वळली नाही, तर पवनारच्या परिसरात दीड हजार वर्षांपूर्वी ओल्या विटांवरून पळत गेलेले एखादे पोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कोणाच्या तरी जोत्यात भरले जाईल, आणि ते होते हे कधीच कोणाला कळणार नाही.

(थ्रेड समाप्त)